कुंतीचं झाड बुटकं, दाट आणि फुलांनी भरलेलं कसं ठेवायचं? आणि लिंबाचा त्याच्याशी काय संबंध?

रील्स बघताना व्हायबर्नमचा फोटो तुमच्याही समोर आला असेल. कमरेएवढं गोल, दाट झुडूप आणि त्यावर पांढऱ्या फुलांचे गुच्छ. फोटो सेव्ह होतो, नर्सरीत दाखवला जातो आणि नर्सरीवाला मान हलवतो.

त्याचं बरोबर असतं. व्हायबर्नमच्या दीडशेहून जास्त जाती आहेत, पण बागेत लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती थंड हवेच्या. भारतातही काही जाती हिमालयात वाढतात. सांगली जिल्ह्यातल्या ईश्वरपूरसारख्या (पूर्वीचं इस्लामपूर) गावात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जातो. तिथे हे झुडूप टिकवणं म्हणजे आजारपण सांभाळणं.

पण तेच काम करणारं झाड आपल्याकडे आधीपासून आहे. कुंती. कुणी कामिनी म्हणतं, कुणी मधुकामिनी. बारमाही हिरवी, चकचकीत पानं आणि पावसाळ्यात रात्री अख्खं अंगण दरवळून टाकणारी पांढरी फुलं.

कुंती नेमकी कोणती?

शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा. लिंबू, संत्रं आणि कढीपत्ता ज्या कुळातले, त्याच कुळातली ही. फुलं पाच पाकळ्यांची आणि नंतर येणारी फळं छोटी, तांबडी. मोकळं सोडलं तर झाड दहा-पंधरा फुटांपर्यंत सहज जातं, म्हणून ते बुटकं ठेवावं लागतं. नर्सरीत ‘मिनी’ किंवा ‘ड्वार्फ’ नावाने लहान पानांचं रोप मिळतं. कुंडीसाठी ते जास्त सोयीचं.

काळ्या मातीत लावताना काय करायचं?

ईश्वरपूर हे वाळवा तालुक्याचं ठिकाण. कृष्णा आणि वारणेच्या मधला हा पट्टा उसाचा, आणि जमीन बरीचशी काळी, भारी. ही माती पाणी धरून ठेवते. उसाला ते चालतं, कुंतीच्या मुळांना साचलेलं पाणी चालत नाही.

त्यामुळे खड्ड्यात निम्मी काळी माती आणि उरलेल्या निम्म्यात बारीक मुरूम व कुजलेलं शेणखत घाला. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा चार-सहा इंच उंच वरंब्यावर लावा. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवा. कुंडी असेल तर किमान १२ इंची, आणि तळाचं भोक मोकळं हवं. ऊन रोज चार-पाच तास मिळालं पाहिजे. सावलीत झाड जगतं, पण फुलत नाही.

पहिलं वर्षभर नियमित पाणी द्या. त्यानंतर वरची दोन इंच माती वाळली की मगच.

पानं पिवळी पडली तर?

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो केवडा. उसावर पडतो तसाच. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. हिराकस थेट मातीत टाकला तर तोही तसाच अडकून बसतो. म्हणून तो शेणखतात मुरवून द्यायचा.

वाळवा तालुक्यात काही ठिकाणी जमीन क्षारपड झाली आहे, बोअरचं पाणीही खारट लागतं. अशा ठिकाणी पानांच्या कडा करपतात. तिथे जमिनीत लावण्यापेक्षा कुंडी बरी. पावसाचं पाणी साठवून घातलं तर फरक दिसतो.

छाटणी कधी?

बहुतेकांची चूक इथे होते. कुंतीची फुलं नव्या फांदीच्या टोकाला येतात. झुडूप सारखं दिसावं म्हणून दर आठवड्याला कात्री चालवली की कळ्या येण्याआधीच टोकं उडतात. झाड हिरवंगार राहतं आणि घरचे म्हणतात, ‘आमची कुंती फुलतच नाही.’

साधा नियम असा, की एक बहर गळून पडला की पंधरवड्याच्या आत छाटायचं आणि मग झाडाला हात लावायचा नाही. मोठी छाटणी पावसाळी बहर संपल्यावर करा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा काढा, त्याहून जास्त नको. खालचा भाग वरच्यापेक्षा थोडा रुंद ठेवला की ऊन बुंध्यापर्यंत पोचतं आणि झुडूप खालून उघडं पडत नाही.

आणि लिंबाचं काय?

कात्री आवरण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. कुंती लिंबाच्या कुळातली, त्यामुळे लिंबावरची एक कीड तिच्यावरही पोसली जाते. नाव सिट्रस सायला. जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, पानावर शेपटीकडून वर उचललेली बसते. तिची पिल्लं फक्त कोवळ्या पालवीवर वाढतात. सतत छाटलेल्या कुंतीला सतत कोवळी पालवी, म्हणजे किडीला बारमाही खानावळ.

ही कीड लिंबूवर्गीय झाडांमध्ये ग्रीनिंग रोगाचा जिवाणू पसरवते. या रोगावर इलाज नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तो २००५ मध्ये सापडला. पुढच्या वीस वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन ९० टक्क्यांहून जास्त घटलं. वादळांनीही नुकसान केलं, पण मुख्य घाव या रोगाचा. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांनाही सायला चांगलीच ओळखीची आहे.

म्हणून कुंती काढून टाकायची का? नाही. फक्त लिंबाला खेटून लावू नका, घराच्या दुसऱ्या बाजूला लावा. छाटणीनंतर नवी पालवी फुटली की पानं उलटून बघा. पांढरे मेणासारखे धागे, चिकटपणा किंवा मुंग्यांची रांग दिसली तर तेवढे शेंडे काढून टाका आणि ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. फुलं असताना फवारू नका, मधमाश्या येतात. ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, ते सायलाची पिल्लं खातात.

लिंबाचं पानही बघत राहा. केवड्यात पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगमध्ये डाग एका बाजूला वेगळे, दुसऱ्या बाजूला वेगळे पडतात आणि फळ वाकडं, लहान राहतं. असं दिसलं तर ते पान घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात जा.

थोडक्यात, पाणी साचू देऊ नका, ऊन मिळू द्या आणि कात्री वर्षातून दोन-तीनदाच काढा. कुंती फुलेल आणि परसातलं लिंबूही वाचेल.