जुन्या खेळाचा नवा भाग

अंजनगाव सुर्जी म्हटलं की इतिहासात ३० डिसेंबर १८०३चा तह आठवतो. आज मात्र आपण खेळाकडे वळू. नातवंडं व्हिडिओ गेमचा ‘दुसरा भाग’ मागतात, तेव्हा आपण विचारतो, पहिला असताना दुसरा कशाला? उत्तर आपल्या खो-खोत सापडतं.

खो-खोचे नियम १९१४च्या सुमारास पुण्यात बांधले गेले. त्याच वर्षी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं. १९३६मध्ये त्याच्या चमूने बर्लिनला देशी खेळ दाखवले. २०२२मध्ये ‘अल्टिमेट खो-खो’ आली. तिच्यात ‘वजीर’ आला, त्याला दोन्ही दिशांना पळायची मुभा. जुने खेळाडू विचारू लागले, हा खो-खोच राहिला का?

आम्हाला वाटतं, राहिला. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांच्या मते खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे राजीखुशीने पत्करणं. खो-खोत एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, म्हणून तर सोबत्याला खो द्यावा लागतो. वजीर एखादाच, इतरांचं बंधन कायम. सगळेच वजीर केले असते, तर नुसती पकडापकडी उरली असती.

गेमच्या नव्या भागाचंही तसंच. जुना सराव कामी यावा, तरी नवं कोडं पडावं. नुसती चित्रं चकचकीत केली तर पोरं लवकर कंटाळतात. सगळंच बदललं तर नाव तेवढं जुनं राहतं.

वजिराचा नियम आपल्या मातीच्या मैदानावरही चालतो. पोरांना एकदा खेळू द्या, आणि आपणही बघायला जाऊ.