विचारलेला प्रश्न मागे कसा घ्यावा?

एके काळी पुण्याहून नागपूरला बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल बुक करावा लागे. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला नंबर सांगायचा, कॉल साधा की अर्जंट ते सांगायचे आणि रिसीव्हर खाली ठेवून आपल्या कामाला लागायचे. लाइन मिळाली की एक्स्चेंजकडून घंटा वाजे. त्याला कधी कधी काही तास लागत. मधल्या वेळात नागपूरचा पाहुणाच दारात उभा राहिला तर? पुन्हा एक्स्चेंजला कळवून कॉल रद्द करायचा. भारतात १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर एस.टी.डी. सुरू झाली आणि पुढे हळूहळू ही वाट पाहण्याची गरज संपली.

मागणी नोंदवायची, उत्तरासाठी अडून न बसता दुसरे काम करायचे आणि उत्तर आले की ते घ्यायचे, या पद्धतीला संगणकशास्त्रात असमकालिक मागणी म्हणतात. आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरचे जवळजवळ प्रत्येक वेबपान अशाच मागण्यांवर चालते. या मागण्या मागे घेण्याची सोय एकदा मिळाली, मग हरवली आणि पुन्हा मिळवावी लागली. तो इतिहास येथे पाहू.

आम्ही राहतो ते पुनावळे गाव पवनेच्या काठचे. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान केंद्रात काम करणारी अनेक कुटुंबे आता येथे राहतात. अशाच एका शेजारणीने आम्हाला तिच्या कामातली एक अडचण दाखविली. शाळेच्या वेबपानावर हजेरी क्रमांक टाकला की त्या मुलाचे गुण दिसायचे. १२ लिहिण्यासाठी आम्ही १ दाबला, मग २ दाबला. पहिल्या आकड्यासरशी क्रमांक १ ची मागणी गेली, दुसऱ्यासरशी क्रमांक १२ ची. १२ चे उत्तर आधी आले; १ चे रेंगाळत मागून आले आणि त्याच जागी बसले. पडद्यावर वर क्रमांक १२ आणि खाली पहिल्या मुलाचे गुण! दोन्ही उत्तरे खरी होती, फक्त क्रम उलटला होता. पण हेच गुण कोणी प्रगतिपुस्तकात उतरवून घेतले असते तर?

अशा मागण्यांची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये आपल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ या ब्राउझरबरोबर आणली. तिचे नाव एक्स.एम.एल.एच.टी.टी.पी. वेबपानातून टपाल वाचताना सारे पान पुन्हा मागवावे लागू नये, हा मूळ हेतू. तिच्यात 'अबॉर्ट', म्हणजे 'रद्द', ही आज्ञा सुरुवातीपासून होती. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले आणि ती जगभर पसरली.

पुढे अशा मागण्या इतक्या वाढल्या की त्यांचा हिशेब ठेवणे अवघड झाले. तेव्हा एक जुनी कल्पना कामी आली. १९७६ मध्ये डॅनिएल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी 'प्रॉमिस', म्हणजे 'वचन', ही कल्पना मांडली होती: उत्तर आज हाती नसले तरी ते मिळेल याची जणू एक चिठ्ठीच. १९७७ मध्ये हेन्री बेकर आणि कार्ल ह्यूइट यांनी अशाच कल्पनेला 'फ्यूचर' म्हटले. ज्या कामाचे उत्तर आता कोणालाच नको, ते काम ओळखून कसे थांबवावे, हाच त्यांच्या निबंधाचा विषय होता. म्हणजे आपला प्रश्न या कल्पनेइतकाच जुना आहे.

२०१५ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाण आवृत्तीत 'प्रॉमिस' आले. त्याच वर्षी ब्राउझरमध्ये 'फेच' ही मागणीची सुटसुटीत आज्ञाही आली. पण तिच्यात रद्द करण्याची सोयच नव्हती! कारण विचार करण्याजोगे आहे. एकाच वचनाची चिठ्ठी अनेकांच्या हाती असू शकते. घरातले तिघे वाचत असलेले वर्तमानपत्र एकाने परस्पर बंद केले तर इतर दोघांनी काय करावे? वचन पुरे होते किंवा मोडते. त्याला 'रद्द झाले' असा तिसरा शेवट द्यावा, असा प्रस्ताव डोमेनिक डेनिकोला यांनी भाषेच्या प्रमाणसमितीपुढे ठेवला होता. डिसेंबर २०१६ मध्ये तो मागे घेण्यात आला.

अखेर २०१७ मध्ये वेबच्या प्रमाणकात 'अबॉर्ट कंट्रोलर' आला. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीत २०१० पासून असलेली युक्ती येथेही दिसते: रद्द करण्याचा अधिकार आणि रद्द झाल्याची खूण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. शाळेची घंटा आठवा. टोल शिपाई देतो, ऐकू मात्र सगळ्या वर्गांना येतो. वर्गातून कोणी घंटा वाजवू शकत नाही. तसेच, कंट्रोलर मागणी करणाऱ्याकडे राहतो आणि 'सिग्नल' मागणीबरोबर जातो. एका घंटेने अनेक मागण्या थांबविता येतात. मात्र घंटा झाली तरी शिक्षकांनी तास थांबवायला हवा. जे काम सिग्नलकडे लक्ष देत नाही ते चालूच राहते.

आता वेबपान लहान लहान घटकांचे बनवतात. 'रिअॅक्ट' या प्रसिद्ध साधनात फेब्रुवारी २०१९ पासून घटकाच्या कामाबरोबरच त्याची आवराआवरही लिहून ठेवता येते. घटक पडद्यावरून गेला किंवा त्याला दिलेला क्रमांक बदलला की आवराआवर आपोआप होते. रद्द करण्याची आज्ञा तेथेच द्यावी. आमच्या शेजारणीने एवढेच केले आणि १ चे रेंगाळलेले उत्तर १२ च्या जागी येईनासे झाले.

एक इशारा मात्र द्यायला हवा. रद्द करणे म्हणजे केलेले पुसणे नव्हे. मागणी पलीकडच्या संगणकापर्यंत पोहोचली असेल तर तेथले काम झालेलेही असू शकते. गुण पाहण्याची मागणी सोडून देण्यात धोका नाही. पण फी भरण्याची मागणी रद्द केल्यावर पैसे गेले की नाही, हे वेगळे विचारूनच पाहावे लागते.

वर्गात हे करून पाहता येईल. दोन विद्यार्थ्यांना दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या देऊन शेजारच्या वर्गात पाठवा. पहिल्याला लांबच्या वाटेने जायला सांगा. शेवटी आलेले उत्तर फळ्यावर राहील, असा नियम ठेवा. काय झाले ते मुलांनाच सांगू द्या आणि नियम कसा बदलावा, हेही त्यांनाच विचारा.