हवाईयन गिटार आणि जॅझ-संगीत

मांडीवर किंवा पायांवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवीत वाजविण्यात येणाऱ्या गिटारीस हवाईयन गिटार म्हणतात. पोलादी कांबेमुळे तिला ‘स्टील गिटार’ आणि मांडीवर ठेवण्याच्या पद्धतीमुळे ‘लॅप स्टील’ अशीही नावे आहेत. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांत जन्मलेले हे वाद्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर पसरले. भारतात ते आले, तेव्हा जॅझ-संगीतही येथे नुकतेच रुजू लागले होते. मात्र दोघांची वाटचाल सारखी झाली नाही. जॅझ हे काही काळ मोठ्या शहरांतील हॉटेलांपुरते राहिले, तर हवाईयन गिटार चित्रपटगीतांतून खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आणि पुढे रागसंगीताच्या मैफलीतही स्थिरावली. असे का घडले, याचे उत्तर काही अंशी वाद्याच्या रचनेत आणि काही अंशी महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सापडते.

उगम : एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन गुराख्यांबरोबर गिटार हवाई बेटांत गेली. ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू (१८७४–१९३२) या तरुणाने सु. १८८९ च्या सुमारास तारांवर पोलादाचा तुकडा सरकवून वाजविण्याची पद्धती सिद्ध केली, असे सामान्यतः मानतात. या शोधाचे श्रेय गेब्रिएल डेव्हियन या भारतात जन्मलेल्या वादकास देणारी एक परंपराही आहे. ती खरी असो वा नसो, तारेवर कठीण वस्तू सरकवून स्वर काढण्याची कल्पना भारतात परकी नव्हती. दक्षिणेत गोट्टुवाद्य व उत्तरेत विचित्रवीणा ही वाद्ये याच तत्त्वावर वाजतात. तंजावर भागातील सखाराम राव यांनी गोट्टुवाद्यास मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९१५ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताची लाट आली. पुढे १९२७ मध्ये धातूच्या ध्वनिपट्टलाची गिटार तयार झाली आणि १९३१-३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीची विजेवर चालणारी गिटार बाजारात आली. विजेवर चालणारी ही पहिली यशस्वी गिटार मांडीवरचीच होती.

वादनपद्धती व जॅझची अडचण : या गिटारीत तारा पट्टीपासून बऱ्याच उंच असतात. त्यामुळे पडदे केवळ डोळ्यांना खूण म्हणून राहतात. स्वर कांबेच्या स्पर्शाने ठरतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत नख्या घालून तारा छेडतात, तर डाव्या हाताने कांब सरकवितात व हलकेच हलवून स्वराला कंप देतात. मींड, घसीट, आंदोलन या क्रिया या वाद्याला सहजसाध्य आहेत.

जॅझमधील ‘स्टँडर्ड’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वादकांनी वाजवून सर्वमान्य केलेली धून. तिची चौकट बहुधा ३२ मात्रागटांची असते. धून एकदा मांडून झाली, की त्याच स्वरसंघातांच्या क्रमावर वादक स्फूर्त विस्तार करतो. स्वरसंघात म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा समूह. तो स्टँडर्डमध्ये दर एक-दोन मात्रागटांनी बदलतो. सरळ कांबेला नेमके हेच जड जाते, कारण ती सर्व तारा एकाच पडद्यावर दाबते.

जॅझ वाजविण्यासाठी विशेष रूढ झालेली जुळणी सा ग प ध सा ग अशी आहे. भूप रागातील ऋषभ वगळल्यास उरणारे हेच स्वर होत. एकाच जागी ठेवलेल्या कांबेतून तिच्यात अनेक अर्थ निघतात. साथीच्या मोठ्या बास वाद्याने खाली षड्ज धरला, तर तो षष्ठयुक्त संघात होतो. धैवत धरला, तर तो कोमल छटेचा सप्तमयुक्त संघात होतो. मध्यम धरला, तर तेच स्वर मध्यमाच्या नवमयुक्त संघाताचे अंग बनतात. परंतु जॅझच्या हालचालीचा कणा असलेला सा ग प कोमल नि हा संघात मात्र या जुळणीत थेट मिळत नाही. त्यातील गंधार व कोमल निषाद यांच्यात षड्ज व तीव्र मध्यम यांच्याइतके अंतर असते आणि सा ग प ध यांपैकी कोणत्याही दोन स्वरांत ते नाही. त्यासाठी कांब तिरकी धरून एका तारेवर एक पडदा पुढे जावे लागते, किंवा कोमल निषादाची तार जुळणीत मुद्दाम घ्यावी लागते. तिरक्या कांबेने सुरेल वाजविणे हे अनेक वर्षांच्या सरावाचे काम आहे. उलटपक्षी काही गोष्टी या वाद्यावर अतिशय सोप्या होतात. उदा., ‘बॉडी अँड सोल’ (१९३०) या जॉनी ग्रीनकृत प्रसिद्ध स्टँडर्डमध्ये मधला भाग अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत जातो. इतर वादकांना तेथे बोटांची सारी मांडणी बदलावी लागते. लॅप स्टीलवर कांब एक पडदा पुढे सरकविली, की पट्टी बदलते. सोल होओपिई (१९०२–५३) या हवाईयन वादकाने १९२० नंतरच्या दशकात या वाद्यावर जॅझची लय व विस्तार यांचे वस्तुपाठ घालून दिले.

मुंबईतील जॅझ : लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यापाठोपाठ क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्याकडून गोमंतकीय वादकांनी ही शैली आत्मसात केली. गोव्यातील चर्चला जोडलेल्या संगीतशाळांत मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आधीपासूनच होते. मिकी कोरिया यांनी ताजमहाल हॉटेलातील वाद्यवृंदाचे नेतृत्व दोन दशके केले. हळदोणे येथे जन्मलेले चिक चॉकलेट (१९१६–६७) हे तुतारीवादक विशेष गाजले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाल्यावर हॉटेलांतील रात्रीची संगीतसभा ओसरू लागली आणि या वादकांनी चित्रपटसृष्टीची वाट धरली.

येथेच जॅझची गाठ महाराष्ट्राच्या ग्रामीण श्रोत्याशी पडली. संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–८२) यांचा जन्म दौंड–मनमाड लोहमार्गावरील पुणतांबे येथे झाला. चिक चॉकलेट हे त्यांचे साहाय्यक होते व अलबेला (१९५१) या चित्रपटात ते पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा हे वाद्यमेळ रचून देत.

हवाईयन गिटारचा प्रसार : हवाईचे ताऊ मो व त्यांचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिले. तेथील गार्नी निस यांच्यासारख्या वादकांमुळे कलकत्ता हे या वाद्याचे भारतातील पहिले केंद्र बनले. मुंबईत व्हॅन शिप्ली (१९२७–२००८) यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. त्यांत त्यांना पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांची साथ लाभली. हजारा सिंग यांची हवाईयन गिटार ओ. पी. नय्यर यांच्या चित्रपटगीतांतून घरोघरी ऐकली गेली.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड ही गावे या प्रसाराची रीत समजण्यास उपयुक्त आहेत. शिरूर (घोडनदी) येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिशांची छावणी होती. पुढे ती उठली आणि गाव पुणे–अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील बाजारपेठ म्हणून राहिले. तेथे लोहमार्ग नाही. दौंड मात्र १८७८ मध्ये मनमाडचा मार्ग सुरू झाल्यावर जंक्शन बनले. अशा मोठ्या जंक्शनांवर रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन कर्मचारी असत व त्यांच्या करमणुकीत पाश्चात्त्य नृत्यसंगीताला स्थान असे. तथापि वसाहतीबाहेरच्या शेतकरी व व्यापारी समाजाला हे संगीत भेटले ते नृत्यशाळेत नव्हे, तर रेडिओवर आणि तंबूतील चित्रपटगृहात. आकाशवाणीने १९५० नंतरच्या काही वर्षांत चित्रपटगीतांना आखडते स्थान दिले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली. गीताच्या आरंभी व दोन कडव्यांच्या मध्ये येणारा हवाईयन गिटारीचा लांबट, सरकता स्वर श्रोत्यांना चांगला ओळखीचा झाला. तो कोणत्या बेटावरचा, त्याखालचे संघात कोणत्या परंपरेतले, हे जाणून घेण्याची गरज त्यांना भासली नाही. गाणे मात्र त्यांचे झाले.

रागसंगीतातील स्थान : जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी अली अकबर खाँ यांच्याकडे शिक्षण घेऊन गिटार रागदारीसाठी वापरली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी वाजविलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) ही ध्वनिमुद्रिका अतिशय लोकप्रिय ठरली. विश्वमोहन भट्ट यांनी तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली व १९९४ मध्ये त्यांना राय कूडर यांच्यासह ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जॅझला हव्या असलेल्या संघातांच्या बाबतीत कांब अपुरी पडते. पण रागाला हवी असलेली एका तारेवरची अखंड मींड तिला निसर्गतःच साधते. म्हणून हे वाद्य भारतात जॅझपेक्षा रागाच्या अधिक जवळ गेले.

मूल्यमापन : मुंबईत १९७८ मध्ये ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला आणि जॅझला पुन्हा जाणते श्रोते मिळाले. परंतु लॅप स्टीलवर स्टँडर्ड वाजविण्याची स्वतंत्र परंपरा महाराष्ट्रात उभी राहिली नाही. १९८० नंतर विजेच्या कळफलकवाद्यांनी चित्रपटसंगीतातील तिची जागाही बव्हंशी घेतली. या इतिहासातील एक उणीव लक्षणीय आहे. चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांवर गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे छापली जात. गिटारीचा तो स्वर काढणाऱ्याचे वा संघातांचा क्रम लिहिणाऱ्याचे नाव बहुधा नसे. त्यामुळे लक्षावधी लोकांनी ज्यांचे वादन ऐकले, ते वादक बहुतांशी अनामिक राहिले. त्या काळातील हयात वादकांच्या आठवणी नोंदवून ठेवणे, हे महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाचे एक अपुरे राहिलेले काम होय.