तळ चाचपणारे आमिष

तलावाच्या न दिसणाऱ्या तळाचा नकाशा काढायचा कसा? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे मासेमार बक पेरी यांनी त्यासाठी १९४०च्या दशकात ‘स्पूनप्लग’ हे वाकवलेल्या पत्र्याचे आमिष घडवले.

आकारागणिक त्याची खोली ठरलेली. चालत्या होडीमागे आधी उथळ धावणारे आमिष ओढायचे, मग अधिक खोल जाणारे. ते तळाला ठेचकाळले की गळाच्या काठीतून हाताला धक्का बसे आणि तिथली खोली कळे. काठावरच्या खुणा जुळवून जागा पक्की करायची. मोठे मासे बहुतेक वेळ खोलातच असतात आणि तळाच्या उंचवट्यांच्या, उतारांच्या वाटेने उथळात येतात, हे पेरींचे म्हणणे. नुसते आमिष विकणाऱ्याने एवढा खटाटोप केला नसता!

१९५०च्या दशकाअखेर लॉरन्स कंपनीचा ध्वनिलहरींवरचा छोटा हिरवा डबा आला. खोली तबकडीवर चमकू लागली. स्पूनप्लगवाले मात्र तळ खडकाळ की चिखलाचा, हे काठीच्या थरथरीवरून ओळखत राहिले.