चेक छापण्यासाठी प्रिंटर : कसा लावावा, कसा जपावा

मार्च महिना आला की छोट्या शिक्षण संस्था, जमातीची ऑफिसे आणि दुकाने यांत एकच दृश्य दिसते. एक जण चेकबुक पुढे ठेवून बसलेला असतो आणि बोटे दुखेपर्यंत नावे लिहीत असतो. आमच्या संस्थेतही वर्षानुवर्षे असेच चालले. शिष्यवृत्तीचे पन्नास-साठ चेक हाताने लिहायचे, त्यातले तीन-चार हमखास खराब व्हायचे. मग आम्ही प्रिंटर लावला. वेळ वाचला, पण नवे प्रश्नही आले. ते सोडवताना जे कळले ते इथे मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडे चेक छापणे म्हणजे बँकेने दिलेल्या पानावर तारीख, नाव आणि रक्कम छापणे, एवढेच. अमेरिकेत कोरा सुरक्षा-कागद आणि चुंबकीय टोनर विकत घेऊन अख्खा चेक ऑफिसातच छापायची पद्धत आहे. त्यासाठीची सॉफ्टवेअर इंटरनेटवर दिसतात आणि आपली मुले ती उतरवून घेतात. ती आपल्या कामाची नाहीत. इथे पान बँकेचेच लागते. त्यात सीटीएस-२०१० मानकाप्रमाणे वॉटरमार्क असतो, आणि झेरॉक्स काढली तर ‘व्हॉइड’ उमटेल अशी छुपी छपाई असते. तळाच्या पांढऱ्या पट्टीत सहा आकडी चेक क्रमांक, नऊ आकडी एमआयसीआर कोड वगैरे चुंबकीय शाईत असतात. या पट्टीत आपले एकही अक्षर, सही किंवा शिक्का जाता कामा नये.

प्रिंटर कोणता?

चेकचा आकार २०२ बाय ९२ मिलिमीटर असतो. दुकानात प्रिंटर घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की ९२ मिलिमीटर रुंदीचा कागद हा ओढतो का? कारण चेक बहुतेक वेळा आखूड बाजूने आत जातो. खालच्या ट्रेमधून नको, मागून किंवा पुढून एकेक कागद घालायची सोय हवी. ट्रेमधून गेलेले पान वळसा घेते आणि तिरके होते.

आता शाई. साध्या इंकजेटची रंगशाई पाण्याचा थेंब पडला तरी पसरते, त्यामुळे चेकसाठी ती बाद. इंकजेटच वापरायचा असेल तर पिगमेंट प्रकारची काळी शाई असलेला घ्यावा. लेझरची अक्षरे सुबक दिसतात, पण टोनर कागदात मुरत नाही, वर चिकटतो. घडी पडली की त्याचे पोपडे निघू शकतात, आणि फसवणूक करणारा तो खरवडू शकतो. डॉट मॅट्रिक्स दिसायला जुनाट आणि आवाजाला कर्कश, पण त्याची सुई रिबनची शाई कागदात ठोकते. खाडाखोड केली तरी खूण राहते. आमचे मत विचाराल तर चेकसाठी अजूनही तोच बरा. फक्त रिबन वेळेवर बदला. आता चेक एका बँकेतून दुसरीकडे जात नाही, त्याचे स्कॅन जाते, आणि तेही करड्या व काळ्या-पांढऱ्या रंगात. फिकट अक्षर आपल्याला वाचता आले तरी समोरच्या बँकेच्या पडद्यावर दिसेलच असे नाही.

मांडणी

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नवा कागद-आकार तयार करून त्याला ‘चेक’ असे नाव द्यावे. छापताना ‘फिट टू पेज’ बंद, ‘अ‍ॅक्च्युअल साइज’ चालू. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. नंतर साध्या कागदाचे चेकच्या मापाचे तुकडे कापून त्यांवर छापावे. तो तुकडा खऱ्या चेकवर ठेवून खिडकीपाशी उजेडात धरला की कोणती ओळ किती सरकली ते लगेच कळते. सर्वांत त्रास देतात तारखेचे आठ चौकोन, कारण आकड्यांमधले अंतर नेमके जुळवावे लागते. प्रत्येक बँकेच्या चेकवर जागा थोड्या वेगळ्या असतात, म्हणून दोन बँकांत खाती असतील तर दोन साचे ठेवा.

एक्सेलमधून नावे आणि रकमा घेत असाल तर स्वल्पविराम बघा. संगणक परदेशी पद्धतीवर असेल तर १,२५,००० चे १२५,००० होते आणि अक्षरी रक्कम ‘एकशे पंचवीस हजार’ अशी येते. आकडी व अक्षरी रकमेत फरक पडला तर कायद्याने अक्षरी रक्कम धरली जाते. पण व्यवहारात बँक चेक परतच पाठवते. मराठीत छापायला हरकत नाही, चेक प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. फक्त फाँट युनिकोड असावा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नावाच्या जागी भलतीच चिन्हे छापली जातात.

नावाचा घोळ

ही बाब आपल्या घरांत विशेष आहे. एकच नाव शाळेच्या दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मोहंमद’ आणि बँकेत ‘मो.’ असते. शेख कुठे पुढे, कुठे मागे, कुठे गायबच. पहिल्या वर्षी आम्ही नावे शाळेच्या रजिस्टरमधून उचलली. एका मुलीचा चेक नाव जुळत नाही म्हणून परत आला. छापलेल्या चेकवर नाव दुरुस्त करून चालत नाही. तारखेची मुदतवाढ सोडली तर रिझर्व्ह बँक कोणताही बदल मान्य करत नाही. नवा चेक, दोघांच्या नव्या सह्या, यात आठवडा गेला. कॉलेजच्या फीची तारीख टळू नये म्हणून तिच्या अम्मीने शेजाऱ्यांकडून उसने घेतले. चूक सर्वस्वी आमची होती. तेव्हापासून पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत घेतल्याशिवाय यादीत नाव चढत नाही.

पहारा

प्रिंटर चेकचा आहे म्हणजे तो तिजोरीचा भाग आहे, असे समजून वागावे. तो वायफायवर ठेवू नका, केबलने एकाच संगणकाला जोडा. वायफाय लागतच असेल तर कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड आधी बदला. त्या संगणकावर स्वतंत्र पासवर्ड हवा आणि मुलांचे प्रोजेक्ट तिथून छापले जाऊ नयेत. नोकरी सोडून गेलेल्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा. छापून झाल्यावर फाइली उघड्या जागी पडू देऊ नका, त्यात लोकांची नावे आणि रकमा असतात.

कोरी पाने एकाच्या कुलपात, छापण्याचे काम दुसऱ्याकडे, सही तिसऱ्याची. छोट्या संस्थेत तीन माणसे मिळत नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, पण निदान दोन तरी हवीत. रजिस्टरमध्ये चेक क्रमांक सलग लिहा. खराब झालेल्या पानावर आडवे ‘रद्द’ लिहून ते तिथेच चिकटवा, नाहीतर ऑडिटच्या वेळी एका पानासाठी कपाट उपसावे लागते. नावाच्या आणि रकमेच्या दोन्ही बाजूंना फुल्या छापा, म्हणजे मागे-पुढे काही घुसडता येत नाही. ‘अकाउंट पेयी’च्या दोन रेघाही साच्यातच ठेवा.

सही मात्र छापल्यानंतरच. सेक्रेटरी साहेब हजला किंवा गावी जाणार म्हणून दहा कोऱ्या चेकवर सही करून जातात, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले आहे. स्वखुशीने दिलेल्या कोऱ्या सहीच्या चेकवरही देणे असल्याचे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढायची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, असे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितले आहे.

१ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय आहे. ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकचा क्रमांक, तारीख, नाव व रक्कम आपण बँकेला आधी कळवायची आणि चेक वटायला आला की बँक ती ताडून पाहते. ५ लाख व त्यावरच्या चेकना बँका ती सक्तीची करू शकतात. यादी एक्सेलमध्ये तयार असतेच, तेव्हा छपाईच्याच दिवशी माहिती भरून टाका. खात्यात पैसेही त्याच दिवशी असू द्या. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर चालू असते, आणि सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत वटू शकतो.