खलनायकाची खुर्ची

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या इतिहासातला सगळ्यांत जुन्यांपैकी एक खलनायक इतर खेळाडूंबरोबर त्याच टेबलाशी बसत असे. सर फँग हे त्याचं नाव. तो व्हॅम्पायर होता, रक्तावर जगणारा. त्याला चालवणारा डेव्हिड फँट हा तरुण बाकीच्यांच्याच मित्रमंडळातला होता. खेळ मिनेसोटा राज्यात, सेंट पॉलमधल्या एका घराच्या तळघरात १९७१ पासून रंगत होता आणि तो चालवत होता डेव्ह अर्नेसन. त्याच्या काल्पनिक मुलुखाचं नाव होतं ब्लॅकमूर.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चारसहा जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. उरलेलं सगळं जग एकच जण चालवतो, तो डंजन मास्टर. तो समोरचं दृश्य सांगतो, खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. जिंकणं-हरणं जवळजवळ नसतंच. एकच कथा आठवड्यामागून आठवडे, कधी वर्षानुवर्षं चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. अशा कॅम्पेनमधला खलनायक कसा रचावा, हा डंजन मास्टरांचा कायमचा प्रश्न आहे. मला त्याचं उत्तर या खेळाच्या जन्मकथेतच दिसतं.

अर्नेसनच्या आधी डेव्हिड वेझली होता. त्याच परिसरात युद्धखेळ खेळणारा. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी क्रीगश्पील हा नकाशावरचा खेळ रुजला होता, आणि त्यात निकाल देणारा पंच असे. वेझलीला हा पंच फार आवडला होता. १९६९च्या सुमारास त्याने ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव उभं केलं. एरवी खेळाडूंना सैन्याच्या पलटणी मिळत. त्याने एकेकाला एकेक माणूस दिला. कुणी नगराध्यक्ष, कुणी सावकार, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी. प्रत्येकाचा हेतू वेगळा आणि दुसऱ्यापासून लपवलेला. लढाई सुरू होण्याआधीच गावात कारस्थानं सुरू झाली, खेळाडू कोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागले, आणि वेझलीच्या हातून सूत्रं सुटली. त्याला वाटलं, खेळ फसला. मित्रांनी पुन्हा खेळू म्हणून तगादा लावला. कथानक नावाची गोष्ट या खेळांत शिरली ती अशी. ती कुणी लिहून आणली नव्हती. परस्परविरोधी इच्छा असलेली माणसं एका खोलीत बसवल्यावर ती आपोआप घडली.

ब्लॅकमूर याच बीजातून उगवलं. सुरुवातीला तिथे काही खेळाडू सज्जनांच्या बाजूने खेळत, तर काही दुर्जनांच्या. फँटचं पात्र आधी ब्लॅकमूरचा सरदार होतं, मग ते व्हॅम्पायर झालं आणि दिवसेंदिवस बलाढ्य होत गेलं. त्याला आवरायचं कसं? त्यासाठी माइक कार या खेळाडूच्या वाट्याला एक धर्मगुरू आला, पिशाच्चांना पवित्र चिन्ह दाखवून परतवून लावणारा. त्या काळच्या हॅमर स्टुडिओच्या ड्रॅक्युला चित्रपटांतला पीटर कुशिंगचा व्हॅम्पायरशिकारी व्हॅन हेल्सिंग या धर्मगुरूमागे उभा होता. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि अर्नेसन यांचे नियम तीन छोट्या पुस्तिकांत छापले गेले, तेव्हा खेळाडूला निवडता येतील असे तीनच वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि हा धर्मगुरू. म्हणजे तीन मूळ पेशांपैकी एक थेट खलनायकाने घडवला. आजच्या कितीतरी संगणकी खेळांत जखमा भरणारा जो पुजारी असतो, त्याचं गोत्र त्या तळघरापर्यंत जातं.

पुस्तिका दुकानात गेल्या आणि खलनायकाची खुर्ची रिकामी झाली. अनोळखी गावातल्या अनोळखी मुलांना फँट कुठून मिळणार? तयार साहसं छापून विकायला सुरुवात झाली. अगदी पहिल्यांपैकी एक, १९७६चं ‘पॅलेस ऑफ द व्हॅम्पायर क्वीन’, हेही व्हॅम्पायरचंच. बुटक्यांच्या राजाची मुलगी पळवली गेली आहे, ती सोडवायची. पण आत बहुतांश नकाशे आणि कोष्टकं: अमुक खोली, तमुक राक्षस, इतकी ताकद, इतकं धन. राणी आपल्या जागी बसून राहते. कुणीतरी दार उघडेपर्यंत तिला करण्यासारखं काही नाही. सर फँग आठवड्याला एक नवं कारस्थान रचत असेल. ही राणी रचूच शकत नव्हती, कारण तिच्या वतीने विचार करायला कुणी नव्हतं.

गायगॅक्सने यावर एक उपाय काढला, १९७८च्या राक्षसांच्या मालिकेत. डोंगरी राक्षसांचा सरदार मारला तर कळतं की तो कुणाच्या तरी सांगण्यावरून वागत होता. पुढे हिमराक्षस, मग अग्निराक्षस, आणि शेवटी पाताळात राहणारे काळे एल्फ, ज्यांची पुरोहिणी एक्लाव्ड्रा ही खरी सूत्रधार. पडद्यामागे पडदा. ही युक्ती आजही डंजन मास्टर सर्रास वापरतात आणि ती कामाला येते, पण तिच्यात एक उणीव आहे. मागचा माणूस कोण हे कळलं तरी तो असा का, हे कळतंच असं नाही.

तो प्रश्न विचारला ट्रेसी हिकमन यांनी. एका मित्राच्या खेळात भुयारातून जाताना त्यांच्यापुढे अचानक एक व्हॅम्पायर आला. आजूबाजूच्या खोल्यांत भलतेच राक्षस, आणि मधेच हा. हा इथे काय करतोय, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. घरी येऊन त्यांनी पत्नी लॉरा यांच्याशी बोलायला सुरुवात केली. दोघांनी व्हॅम्पायरच्या जुन्या कथा वाचल्या. १८१९च्या पॉलिडोरीच्या कथेपासून हा प्राणी उमराव आहे, देखणा आहे, आणि जवळ येणाऱ्याला उद्ध्वस्त करणारा आहे. हिकमन दांपत्याला त्यात प्रेमाच्या नावाखाली स्त्रीवर मालकी गाजवणारा पुरुष दिसला. आपला खलनायक त्यांनी त्या जागेवरून घडवला आणि मित्रांबरोबर हॅलोवीनच्या रात्री तो खेळून पाहिला. १९८३ मध्ये ‘रेव्हनलॉफ्ट’ छापून आलं.

त्यातला स्ट्राड फॉन झारोविच हा बारोव्हिया खोऱ्याचा धनी. तरुणपण युद्धांत गेलं, आणि उतारवयात तो तातियाना या मुलीवर भाळला. तिचं प्रेम त्याच्या धाकट्या भावावर, सेर्गेईवर. स्ट्राडने मृत्यूशी करार केला, भावाला लग्नाच्याच दिवशी मारलं, आणि तातियानाने तटावरून स्वतःला झोकून दिलं. आता शतकांनंतर गावात आयरीना नावाची मुलगी आहे, हुबेहूब तातियानासारखी.

एवढी कहाणी कादंबरीतही बसली असती. हिकमन यांची खरी करामत ती खेळात कशी बसवली यात आहे, आणि तिथे मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. साहसाच्या ओघात मादाम इव्हा नावाची भविष्य सांगणारी बाई पत्ते पिसते. टेबलावर खरोखरच पत्त्यांचा साधा जोड येतो. पडलेल्या पानांवरून ठरतं की स्ट्राडला मारू शकणारी शस्त्रं किल्ल्यात कुठे आहेत, तो शेवटी कुठे गाठ पडेल, आणि मुख्य म्हणजे या खेपेला त्याला हवंय काय. कधी आयरीनाला वश करणं, कधी त्या शस्त्रांपैकी सूर्यखड्गाचा नायनाट. हेतू बदलला की त्याच खोल्या, तेच जिने, तीच माणसं यांचा अर्थ बदलतो. डंजन मास्टरलासुद्धा पत्ते पडेपर्यंत कथानक ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट, स्ट्राड वाट पाहत बसत नाही. लांडगे आणि वटवाघळं त्याचे हेर आहेत. लढायची वेळ आणि जागा तो निवडतो, अंगलट आलं की निघून जातो. खेळाडू या खोऱ्यात येतात तेच मुळी त्याने गावच्या प्रमुखाच्या नावाने धाडलेल्या खोट्या पत्रामुळे. खरं पत्र, इकडे फिरकू नका असं बजावणारं, वाटेतल्या एका मृतदेहाजवळ सापडतं. रिकाम्या खुर्चीवर पुन्हा कुणीतरी बसलं होतं.

त्यानंतर हिकमन ‘ड्रॅगनलान्स’कडे वळले आणि तिथे, माझ्या मते, पारडं दुसरीकडे झुकलं. १९८४ पासूनच्या त्या साहसमालेबरोबर कादंबऱ्याही निघत होत्या, त्यामुळे कथेला ठरल्या वळणाने जाणं भाग होतं. नियमच होता की महत्त्वाचं पात्र मेलं तर ते संदिग्धपणे मरावं: दरीत कोसळावं, प्रेत सापडू नये, म्हणजे पुढच्या भागात त्याला परत आणता येईल. खेळाडूंनी जिवाची बाजी लावून मारलेला शत्रू लेखकाच्या सोयीसाठी उठून बसणार असेल, तर फासे टाकायचे कशाला? वाचताना ती मालिका रंगते, पण टेबलावर खेळाडू प्रवासी होऊन जातात.

ही गाठ सोडवायला बराच काळ गेला. मला सगळ्यांत पटलेली सोडवणूक २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या या खेळाचा डंजन्स अँड ड्रॅगन्सशी नियमांचा काही संबंध नाही. पुढे काय होणार हे आधी लिहू नका, असं तो खेळ चालवणाऱ्याला बजावतो. त्याऐवजी प्रत्येक संकटाचं एक घड्याळ कागदावर काढायचं. कुणीही अडवलं नाही तर काय काय घडत जाईल, ते त्याच्या टप्प्यांवर मांडायचं. खेळाडू दुसरीकडे गुंतले तर काटा सरकतो, मधे पडले तर थांबतो किंवा भलतीकडे वळतो.

आज कुणी नवखा डंजन मास्टर खलनायक रचायला बसला, तर मी त्याला आधी वंशावळ किंवा शिंगांचा आकार लिहू देणार नाही. त्याने तीन गोष्टी लिहाव्यात: याला काय हवंय, ते मिळवायला तो उद्या सकाळी काय करणार, आणि खेळाडूंनी परवा त्याचा बेत उधळला तर तेरवा तो काय करणार. तिसरीच बहुतेक जण विसरतात. आणि खलनायकाला लवकर भेटवावं, शेवटच्या खोलीपर्यंत राखून ठेवू नये. २०१६ मध्ये ख्रिस पर्किन्स यांनी हिकमन दांपत्याला सोबत घेऊन ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नावाने ते जुनं साहस विस्तारलं. त्यात पत्ते आहेत, खोटं पत्रही आहे, आणि शिवाय स्ट्राडच्या सहीचं आणखी एक पत्र आहे: किल्ल्यावर जेवायला येण्याचं निमंत्रण.