दूरचित्रवाणीचे बदलते मालक आणि आपण

मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास आजवर लिहिला गेला तो कार्यक्रमांचा आणि कलावंतांचा. ‘गजरा’ कसा गाजला, बातम्या कोण किती शुद्ध वाचत असे, याच्या आठवणी पुष्कळ आहेत. मालकीचा इतिहास मात्र व्यापाराची बाब समजून बाजूला टाकला जातो. आपल्याला तसे करून चालणार नाही. नफा कोणाच्या तिजोरीत गेला, एवढ्यापुरता हा प्रश्न नाही. मालक बदलला की दारातून आत कोणाला घ्यायचे याचा नियमही बदलतो. गेल्या पन्नास वर्षांत नेमके हेच घडले आहे.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागले. आरंभी हे केंद्र आकाशवाणीचाच भाग होते. १ एप्रिल १९७६ पासून ‘दूरदर्शन’ वेगळे झाले. दोन्ही वेळा मालक केंद्र सरकारच. संच बाळगायचा तर पोस्टात परवान्याचे शुल्क भरावे लागे. सिंहगडावरून येणाऱ्या लहरी सगळ्या शहरावर सारख्याच पसरत होत्या, पण त्या पकडणारा संच सगळ्यांच्या घरी नव्हता. बिबवेवाडीत ‘ओटा’ याच नावाने ओळखली जाणारी वस्ती आहे. ओटा म्हणजे नुसते जोते. वरचे घर ज्याचे त्याने उभारायचे. ज्यांना आधी डोक्यावर पत्रा घालायचा होता, त्यांच्यापर्यंत लहरी पोचल्या तरी चित्र पोचायला वर्षे जावी लागली.

सरकारी मालकीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. आणीबाणीत या माध्यमाने सत्तेची चाकरी केली. एरवीही मंत्र्यांचे दौरे आणि उद्घाटने हीच बातमी असे. पडद्यावरचे घर पांढरपेशांचे, भाषा त्यांची, विनोदही त्यांचाच. खेडे आले ते ‘आमची माती आमची माणसं’मधून, बी-बियाणे आणि खतांच्या सल्ल्यासह, गावकुसाबाहेरचा माणूस त्या मातीत क्वचितच दिसला. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट विसरता येत नाही. ही सरकारी नोकरी होती, म्हणून तिला घटनेचे कलम १६(४) लागू होते. अभियंता असो की कारकून, नेमणुकीत राखीव जागा होत्या. त्या रिकाम्या ठेवण्याच्या युक्त्या आपल्याला ठाऊक आहेत. पण जागा रिकामी आहे हे कागदावर दाखवता येत होते, त्यासाठी अर्ज, मोर्चा, दावा करता येत होता. दार बंद होते, पण त्यावर थाप मारण्याचा हक्क होता.

त्या मालकीत पहिली कुरतड दिल्लीनेच केली. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि संध्याकाळचे मोलाचे तास मुंबई केंद्राच्या हातून गेले. वर्गीज समितीने १९७८ मध्येच आकाशवाणी-दूरदर्शनसाठी ‘आकाश भारती’ हा स्वायत्त न्यास सुचवला होता. तो झाला नाही. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडले. मुंबई केंद्राच्या मराठी वाहिनीला पुढे २००० मध्ये ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. स्वायत्तता आली ती अशा वेळी, की प्रेक्षक दुसऱ्या दारी निघून गेला होता.

ते दुसरे दार गल्लीत उघडले होते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरोशहरी छपरांवर तबकड्या दिसू लागल्या. अप्पर इंदिरानगरसारख्या वस्तीत केबल आली ती एका घराच्या पत्र्यावरून दुसऱ्या घराच्या पत्र्यावर. तार ओढणारा, महिन्याला पैसे गोळा करणारा वस्तीतलाच पोरगा असे. माझ्या पिढीने दूरचित्रवाणी पाहिली ती या तारेतून. स्थानिक केबलवर रात्री सिनेमा लागे आणि १४ एप्रिलला जयंतीची मिरवणूकही दिसे. आपल्या आयाबहिणी स्वतःला पडद्यावर पाहून लाजत, ओळखीचा चेहरा आला की ओरडत. हे छोटे केंद्र नियमांच्या काठावर चालणारे होते, त्यात गुंडगिरीही होती. पण ते वस्तीच्या हाताला लागणारे होते. १९९५ चा केबल कायदा आला, मागोमाग मोठ्या वितरण कंपन्या आल्या. २०१३ मध्ये पुण्यात डिजिटल प्रक्षेपण सक्तीचे झाले आणि घरोघरी सेट-टॉप बॉक्स बसला. काय दाखवायचे हे कंपनीच्या केंद्रात ठरू लागले. केबलवाला वसुली करणारा उरला.

वर, मोठ्या वाहिन्यांच्या पातळीवर, मालकीची उलथापालथ याहून वेगाने चालली होती. हैदराबादच्या रामोजी राव यांनी २००० मध्ये ईटीव्ही मराठी काढली. ती पुढे नेटवर्क १८ च्या गोतावळ्यात गेली आणि २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. २००७ चा स्टार माझा हा स्टार आणि कोलकात्याचा आनंदबाजार समूह यांचा भागीदारीतला उद्योग; स्टार बाहेर पडल्यावर २०१२ मध्ये तो एबीपी माझा झाला. २००८ मध्ये नेटवर्क १८ आणि लोकमत यांनी मिळून आयबीएन लोकमत सुरू केली. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेले, आणि पुढे वाहिनीचे नावही न्यूज १८ लोकमत झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हायाकॉम १८ आणि स्टार इंडिया एकत्र आल्यावर कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह या एकमेकींच्या स्पर्धक वाहिन्या एकाच छपराखाली आल्या. प्रेक्षकाच्या हाती बटणे वाढली आणि बटणांमागचे धनी मात्र कमी झाले.

या सगळ्या व्यवहारांत शेअर किती, किंमत किती, याची चर्चा झाली. आपल्या वाट्याला काय आले, हे कोणी विचारले नाही. सरकारकडून खाजगी हाती जाताना दूरचित्रवाणीने राखीव जागांचे बंधन तेवढे मागे ठेवले. आज पत्रकारितेची पदवी घेतलेली आमची मुले मला विचारतात, “सर, जाहिरात कुठं निघते?” जाहिरात निघतच नाही. ओळखीने बोलावणे येते, आणि ओळख ही वतनासारखीच वारशाने मिळते. २००६ मध्ये दिल्लीतील माध्यमांत निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठांची पाहणी झाली. त्यात एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री पाहणीत नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे निघाल्या. अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही. मधल्या तेरा वर्षांत किती कंपन्यांचे मालक बदलले! शून्य तेवढे बदलले नाही.

“खाजगी मालमत्ता आहे, मालक हवा त्याला ठेवील,” असे उत्तर यावर मिळते. ते ऐकताना महाड आठवते. चवदार तळे सार्वजनिक आहे की नाही, हाच तेथेही वादाचा मुद्दा करण्यात आला होता. नगरपालिकेने तळे खुले केले होते, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसह आपली माणसे पाणी प्याली तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पाठोपाठ स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला. अखेर १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मालकीचा निकाल तर आधीच लागला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. स्टुडिओ खाजगी असेल, कॅमेरा खाजगी असेल. ज्या लहरींवर हा धंदा उभा आहे त्या आपल्या सर्वांच्या आहेत. तळे सर्वांचे आणि घागर मात्र ठराविक घरांचीच, हा न्याय नव्हे.

आपण आपली वाहिनी काढावी, हेही खरे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढताना बाबासाहेबांनी स्वतःच्या पत्राची गरज ओळखली होती. नागपुरातून आवाज इंडिया, लॉर्ड बुद्धा अशा वाहिन्या उभ्या राहिल्या, त्या याच वाटेने. मोबाइलवर तर आज वस्तीतली पोरगीही आपले केंद्र चालवते. मात्र तिथेही जमीन परक्या कंपनीची, आणि ती केव्हा काढून घेतली जाईल याचा भरवसा नाही. म्हणून आपल्या वाहिन्या काढणे आणि सार्वजनिक लहरींवरचा वाटा मागणे, दोन्ही कामे बरोबरच करावी लागतील. प्रक्षेपणाचा परवाना देताना सरकारने प्रत्येक वाहिनीकडून तिच्या संपादक विभागाची सामाजिक मोजणी मागावी आणि ती जाहीर करावी. सुरुवात एवढ्या मागणीपासून करता येईल. रिकामी जागा आधी कागदावर दिसली पाहिजे. ती दिसली की तिच्यासाठी कसे भांडायचे, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.